गालबोट

आजीच्या मुठीत काय काय असायचं ते मी आजही न चुकता सांगू शकते. जाड्या मिठाचे सातआठ खडे, चिमूटभर मोहरी, देठासकट दोन सुक्या लाल मिरच्या, केरसुणीचे मोडून घेतलेले हीर आणि उंबऱ्याची थोडी माती. पाहुणे येऊन गेले असतील तर ते ज्या वाटेनं गेले त्या वाटेची माती. हे सगळं दोन्ही मुठींत वाटून घेऊन ती मला पाटावर बसवायची. मग हात एकमेकांवरून फुलीसारखे नेत डोक्यापासून पायापर्यंत उतरवायची, मुठी जमिनीला टेकवायची आणि पुन्हा वर न्यायची. सात वेळा. तोंडानं पुटपुटणं चालू असायचं: "आल्याची, गेल्याची, इष्टाची, मित्राची, वाटंवरच्याची, वेशीवरच्याची, सख्ख्याची, चुलत्याची, आईची, बापाची, माझी... कुणाची लागली आसंल ती जळून खाक होऊ दे."

'माझी' म्हणताना तिचा आवाज बारीक व्हायचा. एवढ्या लहानपणीही ते मला कळायचं.

मग ती उठायची आणि मागे वळून न बघता, कुणाशी न बोलता चुलीपाशी जायची. मुठी निखाऱ्यांवर उघडायची. मीठ तडतडायचं, मोहरी उडायची आणि घरातली सगळी माणसं श्वास रोखून वाट बघायची ती मिरचीच्या वासाची. ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच, नुसतं ऊन लागलं असेल. मिरच्या जळून कोळसा झाल्या आणि कुणाला शिंकही आली नाही, तर मात्र आजी मान हलवायची. "बघा, केवढी व्हती. सगळी खाल्ली मिरच्यांनी."

पुढे शिकल्यावर मला त्यातलं थोडं शास्त्र समजलं. मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि खडा फुटतो. मोहरीचंही तसंच. जाळ मोठा असेल तर मिरची भसकन जळते आणि धूर सरळ वर निघून जातो. निखारे मंद असतील तर ती धुमसते आणि तिखट धूर घरभर होतो. हे कळलं तेव्हा मी लगेच आजीला सांगायला गेले होते. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "व्हय, आसंल. पर जाळ मोठा का मंद, ते कोण ठरवतंय?"

त्याआधी, आठदहा वर्षांची असताना, मी तिला दुसरंच विचारलं होतं. दृष्ट वाईट माणसांची लागते ना, मग त्यात आईचं नाव कशाला? आजी निवडत असलेल्या तांदळांवरून नजर न उचलता म्हणाली, "आईचीच आधी लागती. तिच्यावानी डोळं भरून दुसरं कोण बघतंय?"

या एका वाक्याभोवती मी गेली कित्येक वर्षं फिरते आहे.

मराठीत करणी 'करतात' आणि दृष्ट 'लागते'. हा फरक साधा नाही. करणीला करणारा लागतो, त्याचा हेतू लागतो, लिंबू-टाचण्यांचा खटाटोप लागतो. दृष्ट मात्र लागते, तहान लागते तशी, ठेच लागते तशी. बघणाऱ्यालाही पत्ता नसतो. त्याला काही वाईट वाटलेलं नसतं, बहुतेक वेळा त्याला फार चांगलंच वाटलेलं असतं. बाळ गोड दिसलं, पोरीची वेणी लांब दिसली, दारातली म्हैस भरल्या कासेची दिसली, एवढंच. म्हणजे मूळ कल्पनेत शत्रू कुणी नाही. आहे तो बघण्याचा भर. एखाद्या गोष्टीवर नजर जरा जास्त वेळ टेकली, तिचं ओझं झालं.

हे फक्त आजीचं म्हणणं नव्हतं, हे मला फार उशिरा समजलं. प्लुटार्क नावाचा ग्रीक लेखक सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी जेवणाच्या पंगतीत चाललेल्या गप्पा लिहून ठेवतो, त्यात एक सबंध चर्चा दृष्टीवर आहे. काही बायका आपली मुलं स्वतःच्या नवऱ्यालासुद्धा जास्त वेळ बघू देत नाहीत, कारण बापाची नजर लागते असं त्या मानतात, असं त्यात येतं. तिकडे बाप, आमच्याकडे आई. कोयनाकाठच्या आमच्या आजीला ग्रीस कुठं आहे हे माहीत नव्हतं, पण त्या पंगतीत बसवलं असतं तर तिला परकं वाटलं नसतं.

भागवताच्या दशम स्कंधात पूतनेला मारल्यावर घाबरलेल्या गोपी कृष्णाला उचलून आणतात आणि त्याच्या अंगावरून गाईचं शेपूट फिरवतात, त्याला गोमूत्रानं न्हाऊ घालतात, गाईच्या पायांची धूळ लावतात आणि एकेका अवयवावर देवाचं एकेक नाव ठेवत जातात. प्रत्यक्ष देवाची दृष्ट काढायची आणि तीही देवाचीच नावं घेऊन. आमच्याकडे संध्याकाळी दिवेलागणीला रामरक्षा म्हटली जायची, तिची घडणही तीच आहे. डोकं, कपाळ, डोळे, कान असं करत पायापर्यंत. आजीचे हातही त्याच वाटेनं उतरायचे. संतांच्या अभंगांत 'निंबलोण' उतरतात, म्हणजे कडुलिंबाचा पाला आणि मीठ. त्यातलं मीठ आमच्या चुलीपर्यंत पोचलं. पाला वाटेत कुठे गळला कोण जाणे.

दृष्टीचं सगळं सामान मात्र बाळाच्या अंगावर असायचं. कमरेला काळा करदोडा. मनगटात काळ्या-पांढऱ्या मण्यांच्या मनगट्या. कपाळाला तीट आणि गालावर मुद्दाम वाकडा, मुद्दाम मोठा काजळाचा ठिपका. तेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरून आजी काजळी धरायची, त्यात थोडं तूप मळायची. बोटाच्या टोकावर घेऊन गालाला लावताना ती हलकं दाबायची. ते बोट खरखरीत होतं आणि काजळ थंडगार. माझ्या धाकट्या भावाच्या गालावरचा तो ठिपका दुपारपर्यंत कानापर्यंत पसरलेला असायचा.

त्याच्या गळ्यात एक काळं बी होतं, बजरबट्टू. चांगलं बोरापेक्षा मोठं, गुळगुळीत, भोक पाडून काळ्या दोऱ्यात ओवलेलं. ते श्रीताळ नावाच्या माडासारख्या झाडाचं बी. हे झाड तीस ते ऐंशी वर्षं नुसतं वाढत राहतं, मग आयुष्यात एकदाच फुलतं. डोक्यावर फुलांचा प्रचंड तुरा येतो, हजारो फळं धरतात आणि ती पिकली की झाड मरतं. पूर्वी याच्या पानांवर पोथ्या लिहीत. आपलं सगळं देऊन टाकून मेलेल्या झाडाचं बी तान्ह्याच्या गळ्यात बांधावं, हे पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल? ज्याला सुचलं त्याच्या मनात हे होतं असा माझा दावा नाही. बी काळं होतं, टणक होतं, हातात मावणारं होतं, तेवढंही पुरे असेल. पण मला ते समजल्यापासून भावाच्या जुन्या फोटोतलं ते बी मी वेगळ्या नजरेनं बघते.

शेजारच्या वाड्यात चांदीत मढवलेलं वाघनख होतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं असल्या गोष्टींचा व्यापार बंद झाला ते फार बरं झालं. एका बाळाच्या रक्षणासाठी एक वाघ, हा हिशेबच भयंकर होता. आता बाजारात जी नखं दिसतात त्यांतली पुष्कळशी शिंगाची नाहीतर हाडाची बनवलेली असतात, आणि तीही कुणी घेऊ नयेत.

आणि नावं. दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी, उकिर्डा. आज ही नावं ऐकून मुलं हसतात. आमच्या गावात एक म्हातारे केरबाअण्णा होते. त्यांच्या आधीची भावंडं लागोपाठ गेली, म्हणून ते जन्मल्यावर त्यांना सुपात घालून केराच्या ढिगावर ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणून पसाभर ज्वारीला आईला विकलं. हे मूल आमचं नव्हेच, केरात सापडलेलं, विकत घेतलेलं. मृत्यूला फसवायची ही धडपड होती. अण्णा ऐंशीच्या पुढे जगले. नथू नावाच्या मुलांची नाकं टोचली जायची ती याच भीतीपोटी, मुलगा आहे हे कळू नये म्हणून.

या नावांवर हसणाऱ्यांनी एक आकडा लक्षात ठेवावा. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ पहिला वाढदिवस बघत नव्हती. २०२०मध्ये हा आकडा २८वर आला, महाराष्ट्रात १६वर. देवीचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५चा. आजीची बाळंतपणं या सगळ्याच्या आधीची. तिची सहा मुलं झाली, तीन राहिली. संध्याकाळपर्यंत खेळणारं मूल रात्री तापानं फणफणतं आणि सकाळी नसतं. का, ते कुणीच सांगत नाही. डॉक्टर तालुक्याला, पावसाळ्यात नदीला पाणी. अशा वेळी मुठीत मीठ-मोहरी घेणं म्हणजे हातांना काहीतरी काम देणं होतं. ते हात नाहीतर काय करणार होते?

म्हणून दारावरच्या लिंबू-मिरचीला कीटकनाशक ठरवणारे, काळ्या दोऱ्यात लहरी शोधणारे जे निरोप फोनवर फिरतात ते मला सहन होत नाहीत. असं ओढूनताणून शास्त्र जोडल्यानं त्या भीतीचा मान राहत नाही आणि शास्त्राचाही नाही. ती भीतीच होती. खरी होती. तिला तसंच म्हणावं.

भाषेत या भीतीचे केवढे अवशेष पडून आहेत! ताईत हा शब्द अरबीतल्या तावीजचा भाऊबंद, आसरा मागणं हा त्याच्या मुळाचा अर्थ. आज दंडात ताईत क्वचित दिसतो, पण लाडकं माणूस अजून 'गळ्यातला ताईत' असतं. बिब्ब्याचं तसंच. काळी बाहुली आणि लिंबू-मिरचीच्या शेजारी दोऱ्यात ओवला जाणारा बिब्बा, ज्याच्या रसानं परीट कपड्यांवर खुणा करत आणि जो अंगाला लागला तर फोड येतात. त्यावरून कुणाच्या चांगल्या कामात मोडता घातला की आपण 'बिब्बा घातला' म्हणतो. लेकराच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली की दृष्ट निघते, इडापीडा आपल्यावर घेतली जाते. आणि एखाद्याच्या नावानं बोटं मोडली की तो शाप होतो. हात तेच, आवाज तोच.

सगळ्यांत मला छळतो तो 'गालबोट' हा शब्द. मूळ अर्थ काजळाचा तो ठिपका, रूपाला राखणारा. आज वर्तमानपत्र उघडलं की मिरवणुकीला गालबोट लागलेलं असतं, सोहळ्याला गालबोट लागलेलं असतं. जो राखायला लावला तोच डाग ठरला. हे कधी झालं, कसं झालं? आमच्या घरातलं मात्र मला माहीत आहे.

आमच्या थोरल्या काकूला मूल नव्हतं. दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. घरात कुठलंही बारसं असलं की घुगऱ्या काकूच्या हातच्या, पाळण्याला बांधायची फुलं काकूनं ओवलेली, कुंचीवरचं भरतकाम काकूचं. पाळण्यात नाव ठेवायच्या वेळेला काकू स्वयंपाकघरात असायची. तिला कुणी 'येऊ नको' म्हटल्याचं मी कधी ऐकलं नाही. तिला काहीतरी आठवायचं, दुधाकडे बघायला हवं असायचं.

माझा भाऊ दोन महिन्यांचा असताना आईचं दूध आटलं. अॅलन डंडीज नावाच्या अमेरिकी लोकसाहित्य-अभ्यासकानं १९८०च्या सुमारास मांडलं होतं की दृष्टीच्या कल्पनेची मुळं ओल आणि कोरड यांत आहेत. दृष्ट ओलावा शोषते, म्हणून ती दुभत्या जनावराला लागते, फळत्या झाडाला लागते, तान्ह्या बाळाला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला लागते. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण त्या दिवसांत भेटायला आलेली एक बाई आमच्या माजघरात बसून म्हणाली होती, "घरातल्याच कुणाची तरी नजर हाय ही," आणि तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं होतं. आत काकू आईसाठी अळिवाची खीर ढवळत होती.

तिला ऐकू गेलं होतं. त्यानंतर तिनं भावाला मांडीवर घेतलं नाही. तो रांगायला लागेपर्यंत ती त्याला दारातूनच बघायची, पदराआडून, आणि त्यानं तिच्याकडे बघितलं की नजर वळवायची. ज्या कल्पनेत शत्रू कुणी नव्हता, तिला त्या दुपारी एक चेहरा मिळाला. असे चेहरे नेहमी ठरलेले असतात. मूल नसलेली, नवरा नसलेली, एकटी राहणारी. कुठं ही गोष्ट नुसत्या बघण्यावर थांबते, कुठं त्या बाईला गावाबाहेर काढतात, मारतात. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, काही दिवसांत अध्यादेश निघाला आणि त्या डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा झाला. एखादीला चेटकीण ठरवून छळणं हा आता महाराष्ट्रात गुन्हा आहे. घरात कुणाला इजा न करता मीठ-मोहरी ओवाळणं हा गुन्हा नाही. कायद्यानं रेघ बरोबर जागी ओढली आहे असं मला वाटतं. पण दाराकडे नुसतं बघितल्याचा पंचनामा कोण करणार?

आईनं त्या बाईचं बोलणं खरं मानलं होतं. हे तिनंच मला सांगितलं, माझं लग्न ठरल्यावर, एका रात्री. "दीड वर्ष मानलं मी," म्हणाली. "मग तुझ्या भावाला गोवर आला. मी दमून झोपले की अक्का अंधारात येऊन त्याच्या उशाला बसायच्या. दिवा न लावता. त्याला दिसू नये म्हणून." पुढे ती काही बोलली नाही.

गेल्या वर्षी त्याच भावाच्या लेकीचं बारसं गावाकडे केलं. दिवसभर माणसं, फोटो, हातोहात फिरणारं बाळ. वहिनीनं फोटो पाठवताना पोरीच्या चेहऱ्यावर लाल बदाम चिकटवला होता आणि खाली तो निळा तुर्की डोळा. मी तिला काही म्हटलं नाही. काजळाचं बोटच ते, दुसऱ्या हातानं लावलेलं.

संध्याकाळी पोरगी रडायला लागली ती थांबेना. ताप नव्हता, पोट मऊ होतं. भाऊ डॉक्टरांशी फोनवर बोलला, ते म्हणाले दमली आहे, शांत खोलीत ठेवा. आई उठली. डब्यातनं मीठ घेतलं, मोहरी घेतली, मिरच्या निवडल्या, केरसुणीचे हीर मोडले. सगळं ओंजळीत घेऊन ती बाळाकडे गेली नाही. स्वयंपाकघरात काकू भांडी पुसत होती, तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"अक्का, तुम्ही काढा."

काकू आता पंच्याहत्तरीच्या पुढची आहे. तिनं ओंजळीकडे बघितलं, मग आईकडे. "मी नको गं. हात थरथरत्यात माझं."

"थरथरू द्या."

काकूनं फडकं खांद्यावर टाकलं, हात लुगड्याला पुसले आणि दोन्ही मुठी भरून घेतल्या. माजघरात आली. वहिनी बाळ घेऊन पाटावर बसली होती. काकूनं पहिल्यांदा, आम्हा सगळ्यांदेखत, त्या पोरीकडे नीट बघितलं. पदर बाजूला होता. हात उतरायला लागले. आल्याची, गेल्याची, इष्टाची, मित्राची. आजीचेच शब्द, आजीचाच सूर. वाटंवरच्याची, वेशीवरच्याची. सख्ख्याची, चुलत्याची, आईची, बापाची. इथं ती थांबली. मुठी जमिनीला टेकलेल्या होत्या. आई तिच्या मागे उभी होती आणि आईचे ओठ हलत होते.

"माझी," काकू म्हणाली. चांगलं मोठ्यानं.

सात वेळा झाल्यावर ती मागे न बघता चुलीपाशी गेली आणि तिनं मुठी उघडल्या. मीठ तडतडलं. घुगऱ्यांचा जाळ केव्हाच विझला होता, खाली नुसते निखारे होते. मिरच्या त्यावर काळ्या पडत धुमसायला लागल्या आणि धूर माजघरात शिरला. आधी भाऊ खोकला. मग वहिनी बाळाला पदरात झाकून अंगणात पळाली. मग मी, मग आई. काकूला सगळ्यांत जास्त ठसका लागला. ती चुलीजवळ खाली बसली होती, डोळ्यांतून पाण्याच्या धारा, श्वास मिळेना, आणि आई स्वतः खोकत तिच्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होती, "बघा अक्का, बघा. ठसका लागला."